थंडी पडली की दादा येतो

रांग पार तळ्याच्या कठड्यापर्यंत गेली होती, आणि एवढी माणसं असूनही मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, हातात गेलेल्या माणसांचे फोटो. एका म्हाताऱ्या बाईनं तर नवऱ्याचा चष्माच आणला होता आणि स्वेटरच्या बाहीनं ती त्याच्या काचा पुनःपुन्हा पुसत होती. सगळ्यांचे डोळे एका जुनाट, पिवळट पडलेल्या गाडीच्या दाराकडे लागले होते.

ती गाडी माझ्या दादाची.

गाडी म्हणजे चाकांवरचं घर. पुढं ड्रायव्हरची सीट, मागं पलंग, मधे ओटा, नळ, फ्रिज आणि दोन बाकं. दादानं ती भंगारात निघालेली उचलली आणि निवृत्त झाल्यावर आतलं सगळं स्वतः बदललं. वायरी नव्यानं ओढल्या, जास्तीची बॅटरी बसवली, पाण्याला पंप लावला, थंडीसाठी गॅसवरचा हीटर दुरुस्त करून घेतला. वहिनीला घेऊन मनसोक्त फिरला. गेल्या उन्हाळ्यात हृदय बंद पडून हॉस्पिटलातच वारला. मूलबाळ नाही. वहिनीनं घराला कुलूप लावलं आणि तळ्याकाठी, जिथं अशा गाड्या उभ्या करतात तिथं, गाडीतच राहायला आली. ‘‘इथं प्रत्येक खिळ्याला त्यांचा हात लागलाय, वन्सं,’’ ती मला फोनवर म्हणाली होती. मी ‘बरं’ म्हटलं. माणूस गेल्यावर खिळ्याचा आधार घ्यावासा वाटला तर घ्यावा.

पण थंडी सुरू झाली आणि दादा परत आला. म्हणजे, लोक म्हणायला लागले की आला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी मुलींनी सांगितल्या की मी फळ्यावर प्रश्नचिन्ह काढते आणि म्हणते, चला, कारण शोधा. मग वहिनीचा तो फोन आला. ‘‘ते मला हाक मारतात. गाडी निरोप्यांच्या हवाली कर म्हणालेत. मी हो म्हटलंय.’’ आवाज जड, शब्द एकमेकांत अडकलेले. मी सुट्टी टाकली आणि निघाले.

निरोप्या म्हणजे पलीकडच्यांचे निरोप आणणारा. खरं नाव कुणाला माहीत नव्हतं, विचारायची छातीही नव्हती. राखाडी कोट, तुळतुळीत दाढी, आणि पाय मात्र अनवाणी. ‘‘भूमीशी संपर्क हवा,’’ असं तो म्हणे. वहिनीच्या गाडीतला पाण्याचा पंप कुणी नळ न उघडताच घुरघुरतो, हे शेजारणीकडून त्याच्या कानावर गेलं आणि आठवड्याभरात त्यानं तिथं बस्तान मांडलं.

वहिनीनं दार उघडलं तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. डोळे खोल गेलेले, कपाळ घट्ट बांधलेलं.

‘‘डोकं दुखतंय?’’

‘‘रोजच. त्याचं काही नाही. ते जवळ आले की दुखतं. निरोप्या म्हणतात, दोन जगांचा दाब असतो तो.’’

‘‘आणि रोज येतो दादा?’’

‘‘थंडी असली की येतात. परवा चांगलं ऊन पडलं, खिडक्या उघडल्या, तर दिवसभर फिरकले नाहीत.’’ ती ओशाळून हसली. ‘‘जिवंत असतानाही थंडीतच घरी बसायचे ना.’’

मलाही हसू आलं. मेलेल्या माणसाला हवामान कशाला बघावं लागतं, हे मनात आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून गिळलं.

बैठक सुरू झाली. आत आम्ही सहा जण. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, हीटर चालू. ओट्याजवळच्या बाकावर निरोप्या पाय पोटाशी दुमडून बसला. मग त्यानं एक पाय हळूच बाकाखाली सोडला आणि डोळे मिटले.

‘‘आत्मा जलतत्त्वातून बोलतो,’’ तो घसा खाकरून म्हणाला. ‘‘एकदा आवाज म्हणजे होकार, दोनदा म्हणजे नकार. शांत राहा. कंपनं क्षीण आहेत... हं... लागली. महाशय, आपण आलात?’’

घर्रर्र. बाकाखालचा पंप वाजला. त्याच क्षणी दिवा मंद झाला आणि पुन्हा उजळला. चष्मा आणलेल्या बाईनं तोंडावर हात ठेवला.

‘‘आपली धर्मपत्नी समोर आहे. ही गाडी लोकसेवेला लागावी, अशी आपली इच्छा आहे?’’

घर्रर्र.

माझा दादा! चहा घेणार का विचारलं तर आधी दुधाच्या भावावर व्याख्यान द्यायचा. तो मेल्यावर एवढा कमी बोलायला लागला? मी हसू दाबत बसले होते. आणि तेवढ्यात...

सांगते तसं झालं. छातीवर कुणीतरी तळहात ठेवल्यासारखं वाटलं. कानात लांबून लाटांसारखा आवाज यायला लागला, आणि त्या आवाजातून दादा खोकला. त्याचा तो दोनदा अडकणारा खोकला. कुणीतरी माझ्या मागं उभं होतं. मागं पाहायला मान वळेना. मी, प्रश्नचिन्हं काढणारी बाई, तिथं भीतीनं गोठून बसले, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मोठं होतं ते वेगळंच. वाटलं, वळू नये. वळलं तर तो जाईल.

माझा गट बाहेर काढला. वहिनी आतच राहिली. ती प्रत्येक बैठकीला असायची, कारण दादा म्हणे तिच्यामुळं येत होता. दुसरा गट आत गेला आणि दार लागलं.

मी गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन ओकले. तळ्यावरचा वारा गार होता. दोन-चार श्वासांत डोकं हलकं झालं, छातीवरचा तळहात निघाला. एका पन्नाशीच्या सुतारानं मला पाण्याची बाटली दिली.

‘‘होतं असं सगळ्यांना. शक्ती अंगातून जाते ना.’’

‘‘सगळ्यांना? बाहेर रांगेत उभे असतात त्यांनाही?’’

‘‘छे! बाहेरच्यांना कसं होईल? आत बसेल त्यालाच.’’

गाडीच्या त्या बाजूला शेजाऱ्यांनी वारा अडवायला जाड ताडपत्री बांधली होती, छपरापासून जमिनीपर्यंत. तोल सावरायला मी तिच्यावर हात टेकला, आणि हात दचकून मागं घेतला. ताडपत्री गरम होती.

कडा उचलली. आत गाडीच्या पत्र्यातून एका नळीचं तोंड बाहेर आलं होतं आणि त्यातून ऊन वाफारा सुटत होता. भोवती पत्रा काजळीनं काळा. हीटरचं धुराडं. धूर मोकळ्या हवेत जायला हवा, तो ताडपत्रीत कोंडला होता. नळीच्या शेजारीच फ्रिजच्या मागची जाळी होती आणि ताडपत्रीची पोकळी फुगून तो सगळा कोंडलेला वायू त्या जाळीतून आत ढकलत होती. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दहावीच्या मुलींना मी ते दरवर्षी शिकवते.

मी धावले. दारात निरोप्याचा एक भक्त आडवा उभा होता, रुंद छातीचा.

‘‘बैठक चालू आहे. मधे पडू नका.’’

‘‘बाजूला व्हा! आत विषारी वायू आहे.’’

‘‘काही वास येतोय का हो कुणाला?’’ त्यानं रांगेला विचारलं. कुणालाच येत नव्हता.

तेव्हा चष्मेवाली म्हातारी पुढं झाली. तिनं त्याच्या पोटात कोपर मारलं. जोर काही फार नव्हता, पण तिच्याकडून कुणालाच ती अपेक्षा नव्हती. तो जरा हलला आणि मी दार खेचलं.

आतली माणसं पेंगल्यासारखी बसली होती. वहिनी पलंगाच्या कडेला मान टाकून पडली होती. चेहऱ्यावर हसू. निरोप्या भिंतीला चिकटून पुटपुटला, ‘‘न्यायला आलेत ते तिला. अडवू नका.’’ मी बगलांत हात घातले, म्हातारीनं पाय धरले आणि आम्ही तिला ओढत गवतावर आणलं. बाकीची माणसं सुतारानं बाहेर काढली. वहिनी श्वास घेत होती, पण हाकेला ओ देत नव्हती. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिच्या गालावर थापट्या मारत राहिले आणि रांगेतली निम्मी माणसं मला शिव्या देत राहिली, की मी नवरा-बायकोची ताटातूट केली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ऑक्सिजन लावला आणि मला बाहेर बोलावलं. ‘‘अजून थोडा वेळ गेला असता तर तुमच्या दादांकडे खरंच गेल्या असत्या,’’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘‘गाडीत असला वायू ओळखणारा अलार्म नव्हता?’’

होता. वहिनी शुद्धीवर आल्यावर तिनंच सांगितलं. दादानं पलंगाच्या उशाशी बसवला होता. थंडी सुरू झाल्यावर तो सारखा किंचाळायचा, आणि निरोप्यानं निदान केलं, की पलीकडच्यांना यंत्राचा आवाज सोसत नाही. त्यानं स्वतःच्या हातानं वायर उपटून तो खणात टाकला होता.

वहिनीला जरा बरं वाटल्यावर मी तळ्याकाठी गेले. निरोप्या होता, त्याची माणसं होती, आणि काय झालं ते ऐकायला रांगही होती. मी सगळ्यांदेखत गाडीचं दार आणि सगळ्या खिडक्या उघडल्या आणि निरोप्याच्या बाकाची फळी उचलली. खाली नळ्यांतलं पाणी सोडून द्यायचा एक छोटा नळ होता. दादानं तो थंडीत नळ्या रिकाम्या करण्यासाठी बसवला होता.

‘‘या पंपाला स्विच नाही,’’ मी म्हटलं. ‘‘पाण्याचा दाब उतरला की तो आपण होऊन चालू होतो. कुठं एखादा थेंब गळत असला, तरी मधूनच घुरघुरतो. वहिनीनं आधी ऐकलं ते तेच. आणि हा नळ असा पायाच्या बोटानं ढकलला...’’

घर्रर्र.

‘‘होकार,’’ सुतार म्हणाला. आणि कुणीतरी फिसकन हसलं.

‘‘बॅटरी जुनी झालीय. पंपानं वीज ओढली की दिवा मंदावतो. झाला आत्मा.’’

सगळे निरोप्याकडे वळले. तो पळेल असं मला वाटलं होतं. तो पळाला नाही. पायरीवर बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज साध्या माणसासारखा निघाला.

‘‘नळ मी ढकलायचो. कबूल. माझा धंदाच तो. पण बाई, एवढं सांगा. माझ्या खांद्यावर हात कोण ठेवायचं? मी कुठल्याच बैठकीत कधी काही पाहिलं नव्हतं. इथं पाहिलं. माझी आई यायची. मला वाटलं, इतकी वर्षं खोटं बोललो, आता खरं व्हायला लागलं.’’ त्यानं गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. ‘‘म्हणून ही गाडी हवी होती मला.’’

क्षणभर मला त्याचा राग येईना. माझ्याही मागं कुणीतरी उभं होतं की.

‘‘बघा, कोण होतं ते,’’ मी म्हटलं.

खणातला अलार्म काढून मी जोडला, उशाशी ठेवला, हीटर चालू केला, खिडक्या लावल्या. ताडपत्री तशीच होती. मग बाहेर येऊन दार बंद केलं. आम्ही सगळे लांब, वाऱ्याच्या बाजूला उभे राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. निरोप्याचा रुंद छातीचा भक्त कुत्सित हसला. आणि रिकाम्या गाडीतून किंकाळी उठली. उंच, एकसारखी, थांबायचं नाव न घेणारी. आत कुणीही नव्हतं. लहान पोरं आयांना बिलगली.

मी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या, हीटरचा गॅस बाहेरून बंद केला आणि दार सताड उघडलं. वारा आरपार गेला. हळूहळू किंकाळी थांबली.

‘‘हा आत्मा,’’ मी म्हटलं. ‘‘हाच डोकं दुखवतो, छाती दाबतो, कानात आवाज काढतो. मेंदूला प्राणवायू कमी पडला की मेंदू घाबरतो, आणि घाबरला की आपल्या माणसांना हाक मारतो. ज्याला जो हवा असतो, तो त्याला भेटतो.’’

चष्मेवाली म्हातारीनं चष्मा पिशवीत ठेवला आणि निघून गेली. विज्ञानानं माणसं वाचतात. पण त्या वेळी तिच्या पाठीकडे बघताना मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

निरोप्यावर वहिनीनं पोलिसांत तक्रार केली. अलार्मची वायर उपटणं ही काही नुसती फसवणूक नव्हती, तिच्यात जीव गेला असता. हीटर आम्ही जाणकाराकडून काढून घेतला.

हॉस्पिटलातून सुटायच्या दिवशी तिनं मला विचारलं, ‘‘वन्सं, आता ते येणार नाहीत ना?’’

खोटं बोलणं किती सोपं होतं.

‘‘नाही, वहिनी. नाही येणार.’’

दादा गेला तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली. मी तिचा हात धरून बसले, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दादाबद्दल बोललो, हसलोसुद्धा.

म्हणून एवढंच सांगते. तुमच्या घरात गेलेलं माणूस वावरायला लागलं, हाका ऐकू यायला लागल्या, तर कुणा निरोप्याला बोलावू नका. आधी खिडकी उघडा. बाहेर येऊन मोकळा श्वास घ्या. गॅस बघा, धुराडं बघा, डॉक्टरला दाखवा. कारण सापडेपर्यंत शोधा, ते असतंच. आणि सगळं करूनही मन जड राहिलं, तर ते दुःख आहे. त्याच्यावर मंत्र नाही. शेजारी बसून ऐकणारं जिवंत माणूस मात्र लागतं.