स्टोअरमध्ये नसलेला पाना

मी एक जुना पाना आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, वैतागलेला पाना आहे. अकोल्यातल्या एका घरात, पत्र्याच्या डब्यात, वाकडे खिळे आणि मोडक्या बिजागऱ्या यांच्या शेजारी मी पडून असतो. नटबोल्ट आवळायचे अवजार म्हणजे पाना, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण मी साधा पाना नाही, डावखुरा पाना आहे. तुमच्यातला एखादा हुशार लगेच म्हणेल की असा पाना जगात नसतो, कोणताही पाना कोणत्याही हाताने चालतो. मित्रांनो, हे मलाही कळते. माझे रडगाणे तिथूनच सुरू होते.

माझा जन्म १९५८ साली इंग्लंडात झाला, कापसाची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात. मला घडवणारा मात्र इकडच्या वलगाव या गावचा. त्याचे नाव धर्मपाल. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करतात त्या अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये तो फिटर होता. सरकारने त्याला वर्षभर काम शिकायला तिकडे पाठवले होते. वर्षाच्या शेवटी तिथला फोरमन जो शेरा लिहील, त्यावर त्याला जिनिंगमध्ये मास्तर, म्हणजे फिटरांचा प्रमुख, करायचे की नाही हे ठरणार होते. त्याच्या घरच्यांनी दोनच वर्षांपूर्वी बुद्धाची दीक्षा घेतली होती. आपला पोरगा आता साहेबाच्या बरोबरीने काम करतो, असे त्याचे वडील देवमन गावभर सांगत सुटले होते.

आता ही बरोबरीची माणसे ऐका. हॅरल्ड नावाचा कारागीर सकाळच्या चहापर्यंत कोणाशी शब्द बोलत नसे. धातू कातायच्या आपल्या लेथशी मात्र बोलायचा, तेही लाडात येऊन. बर्ट आजारी कबुतर जेवणाच्या डब्यात घालून आणायचा, आणि डबा आपला की दुसऱ्याचा हे अधूनमधून विसरायचा. फोरमन अ‍ॅशवर्थ रागावला की शीळ घालायचा आणि खूश झाला तरी तीच शीळ घालायचा. ‘कसा आहेस?’ हे तिथे उत्तरासाठी विचारत नाहीत, हे धर्मपालला कोणी सांगितले नव्हते. बर्टने विचारले तेव्हा उकडलेल्या बटाट्यांनी आपले पोट कसे बिघडले आहे ते त्याने पहिल्यापासून सांगितले. बर्ट बिचारा टोपी हातात धरून ऐकत राहिला. बाहेर पाऊस कोसळत असताना कोणी ‘छान हवा’ म्हटले, की धर्मपाल खिडकीशी जाऊन बघून यायचा आणि ‘नाही’ म्हणायचा. हे सगळे माझ्या जन्माआधीचे. तो पुढे स्वतःशीच पुटपुटायचा, त्यातून मला कळले.

एके दिवशी हॅरल्डने त्याला सांगितले की स्टोअरमधून डावखुरा पाना घेऊन ये. स्टोअरवाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला की तो पलीकडच्या शेडमध्ये गेला आहे. तिथून त्याला तिसऱ्या शेडमध्ये धाडले, तिथून चौथ्या. संध्याकाळपर्यंत तो पावसात हिंडला आणि हात हलवत परत आला. दुसरा कोणी असता तर त्याला तेव्हाच उलगडा झाला असता. पण अकोल्यात यंत्राचा एखादा भाग मुंबईहून यायला महिना लागे आणि कापसाचा हंगाम काही थांबत नसे. म्हणून जिनिंगमधल्या उस्ताद महादेवरावांनी त्याला कामाच्या पहिल्याच आठवड्यात बजावले होते, ‘‘चीज नाई भेटली तं तोंड घेऊन येऊ नोको. बनवून आन.’’

त्याने मला बनवले. दोन दिवस जेवणाची सुटी भट्टीपाशी घालवून, भंगारातल्या पोलादी कांबीतून. डाव्या हाताने आवळायचा बोल्ट म्हणजे भिंतीलगतचा, उजवा हात शिरत नाही तिथला, असा त्याने हिशेब केला. मग दांडा वाकवला, तोंड तिरपे केले आणि कानस मारून मारून मला असे गुळगुळीत केले की डाव्या तळहातात मी आपोआप बसावे. जन्मल्या जन्मल्या मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान जेमतेम दहा मिनिटे टिकला. धर्मपालने मला हॅरल्डसमोर ठेवले. हॅरल्डने मला उलटून पालटून पाहिले आणि बर्टला हाक मारली. मग सगळी शेड हसायला लागली. बर्ट तर जमिनीवरच बसला. अ‍ॅशवर्थ आला, त्याने मला उजेडात धरले आणि शीळ घातली. धर्मपाल एकटा उभा होता. देवमन नवे जोडे घालून गावातून निघाले होते तेव्हा पारावरची माणसे हसली होती, आणि ते हसणे धर्मपालच्या चांगले ओळखीचे होते. त्याने मला उचलले, रुमालात गुंडाळले आणि खिशात टाकले. त्या रात्री खोलीवर तो मला म्हणाला, ‘‘तुले बनवलं, तेच चुकलं.’’ मित्रांनो, ज्याने घडवले त्याच्या तोंडून असे ऐकणे फार वाईट.

दुसऱ्या दिवशी हॅरल्डने वर्तमानपत्रात गुंडाळलेला आपल्या बागेतला फ्लॉवर धर्मपालच्या टेबलावर ठेवला आणि न बोलता लेथकडे तोंड फिरवले. बहुधा ती माफी होती. पण फ्लॉवरने माफी मागतात हे वलगावच्या माणसाने कसे ओळखावे? त्याला ती दुसरी थट्टा वाटली. फ्लॉवर टेबलावर आठ दिवस सडला आणि शेवटी हॅरल्डनेच तो फेकून दिला. मला तोंड होते, पण जीभ नव्हती. उरलेले सात महिने धर्मपाल एकटा जेवला. वर्षाच्या शेवटी शेरा आला, ‘काम उत्तम. थट्टा समजत नाही.’

तरी तो मास्तर झाला. अकोल्याच्या जिनिंगमध्ये त्याच्या हाताचे नाव झाले, पण तो आत आला की लोकांचे हसणे थांबायचे. कोणी हसताना दिसला की काय चालले आहे असे तो दरडावून विचारायचा. मी घरात कुलूपबंद होतो. सात वर्षांत मला एक नट आवळायला मिळाला नाही. शेवटी त्याची बायको मनकर्णा वैतागली. ‘‘कामाचा हाये तं कामावर न्या, नाई तं भंगारात द्या,’’ म्हणत तिने मला त्याच्या पिशवीत टाकले.

त्याच दिवशी पुंजाजी नावाचा नवा फिटर मास्तरांच्या खोलीत आला. पस्तिशीचा माणूस, परतवाड्याकडच्या मोठ्या शेतीवाडीच्या घरचा, गावात पारावर मानाने बसणारा.

‘‘मास्तर, भोंग्याले चावी द्याची हाये म्हनतात. चावी मांगून राहिले.’’

भोंगा वाफेवर वाजतो, त्याला कसली चावी? दाराबाहेर पाचसहा जण तोंडात उपरणे कोंबून उभे होते. धर्मपाल ताडकन उठला. त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या भगवंतरावांना त्याने विचारले, ‘‘याले काहून हसता? कोन समजता तुमी याले?’’

भगवंतराव गोंधळले. ‘‘कोन म्हंजे? नवा हाये नं, मास्तर. नव्याले हसतोच आमी. मलेई पाठवलं होतं.’’

पुंजाजीने कपाळावर हात मारला, स्वतःच हसला आणि भगवंतरावांकडे बिडी मागितली. झाले, मिटले. दोघे एकाच काडीवर बिड्या पेटवत निघून गेले.

धर्मपाल खाली बसला. त्याने पिशवीतून मला काढले आणि बराच वेळ डाव्या हातात धरून ठेवले. मग कोणी नसताना हळूच म्हणाला, ‘‘म्हंजे मी तिथं निस्ता नवा होतो.’’

तिकडे कोणाच्या मनात दुसरेही काही, हलके लेखण्याचे, असेल. मी लोखंड, मला काय कळणार. पण हॅरल्डच्या मनात ते नव्हते, एवढे मी छातीठोकपणे सांगतो.

मित्रांनो, नव्या माणसाची फिरकी जरूर घ्या. पण दिवस मावळायच्या आत त्याच्याजवळ बसा आणि सांगा, ‘आम्ही सगळ्यांनाच असे करतो, तूही आमच्यातलाच.’ एवढे एक वाक्य पुरते. ते कोणी बोलले नाही, म्हणून एक चांगला माणूस सात वर्षे हसला नाही.