बाबांचा धूर

बाबांची शेवटची इच्छा ऐकली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. माणसं जाताना मुलाबाळांची नावं घेतात, आमच्या बाबांनी इंजिनाचं घेतलं. आपली राख वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत टाकायची, तीही त्या चढावर, जिथे उभं राहून त्यांनी जन्माचे रविवार घालवले. आणि राखेचा धूर होऊन वर जाताना फोटो काढायचा. कुणी? तर आईनं. कॅमेरा तिच्या हातात आजवर आला होता तो फक्त धूळ पुसण्यापुरता.

त्यांच्या गाडीवेड्या कंपूत ही रीतच आहे म्हणे. ते जुनं इंजिन अधूनमधून मुख्य मार्गावर, रोजच्या गाड्यांच्या मधून धावायचं, आणि ही मंडळी कॅमेरे रोवून कडेला उभी असायची. इंजिन चालवणारे काका बाबांचे जिवलग. आम्ही त्यांना इंजिनकाकाच म्हणायचो. कंपूतल्या दोघांना त्यांनी असाच निरोप दिला होता. नियमात बसत नाही, पण करतात.

मी आईला म्हटलं, बाबांनी आयुष्यभर आपल्याला दुय्यम डब्यात बसवलं, आता मेल्यावरही त्यांचीच हौस पुरवायची का? तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मला एकदा बघू दे. मला सोडून हे जे बघायला जायचे, ते एवढं होतं तरी काय."

दर रविवारी बूट घालताना बाबा तिला "येतेस?" म्हणून विचारायचे, आणि ती "पुढच्या वेळी" म्हणायची. आता पुढची वेळ नव्हती. इंजिनाच्या बॉयलरच्या परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि तो दुरुस्त करणारे कारागीर उरले नव्हते. ही फेरी शेवटची.

आदल्या दिवशी इंजिनकाका घरी येऊन राखेचा डबा घेऊन गेले. बाबांचा लेन्स ठेवायचा पत्र्याचा डबा होता तो. आईनं झाकणाला चिकटपट्टी लावली होती, सांडू नये म्हणून. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि चढ लागला की मीच टाकीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, असं तिला सांगितलं.

चढावर कंपू आमच्या आधीच हजर होता. गुडघे धरून टेकडी चढणारे म्हातारे, पण रुबाब लग्नातल्या व्याह्यांचा. त्यातले एक गळ्यात कायम दुर्बीण अडकवून असायचे, म्हणून त्यांचं नावच दुर्बीण. बाबांची नेहमीची जागा त्यांनी आईसाठी राखून ठेवली होती. त्यांच्या उभं राहण्यानं तिथल्या गवताला टक्कल पडलं होतं. आई त्या टकलाकडे बराच वेळ बघत राहिली.

दुर्बीणकाकांनी तिला बटण दाबायला शिकवलं. एकदा दाबलं की शेवटचा डबा जाईपर्यंत थांबायचं नाही, एवढं एकच लक्षात ठेवा म्हणाले. सराव म्हणून तिनं एका मालगाडीचा फोटो काढला, त्यात तिचं बोटच निम्मं होतं. ते बघून ती हसली. बाबा गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझा निम्मा राग तिथेच विरघळला.

धूर काळा येतो की पांढरा, असं तिनं विचारलं. ताजा कोळसा पडला की काळा, दुर्बीणकाका म्हणाले.

"ह्यांचा कसा येईल?"

दुर्बीणकाका दुर्बिणीची काच पुसायला लागले.

गाडीची वेळ झाली, टळली. ऊन बाजूला सरकलं तसे म्हातारे घड्याळाकडे बघायला लागले. मग वळणापलीकडून आवाज आला आणि दुर्बीणकाकांनी दुर्बीण खाली केली. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण हा आवाज त्यांना हवा तो नव्हता, एवढं मलाही कळलं. रोजच्यासारखंच डिझेल इंजिन येत होतं. त्याच्या मागे, घासूनपुसून लख्ख केलेलं जुनं इंजिन थंडगार ओढलं जात होतं. त्याच्या धुराड्यातून काही म्हणजे काही निघत नव्हतं.

कंपूतल्या एकानंही कॅमेरा उचलला नाही. आईनं मात्र बटण दाबलं आणि सांगितल्याप्रमाणे शेवटचा डबा जाईपर्यंत दाबत राहिली. मग कॅमेरा खाली घेऊन तिनं विचारलं, "धूर?"

इंजिन वाटेत बिघडलं असणार, भट्टी विझवावी लागली असणार, असं दुर्बीणकाकांनी समजावलं. तिच्या तोंडावर जरा जीव आला. म्हणजे डबा इंजिनवाल्या भावजींकडेच असेल ना, मग परत घेऊ आणि घरीच ठेवू, म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. फसलं ते बरंच झालं, असंही मनात येऊन गेलं.

गाडी थांबते त्या स्टेशनावर मी आईला घेऊन गेले. फलाटाच्या टोकाला, नळाशेजारच्या बाकावर इंजिनकाका बसले होते. हात कोपरापर्यंत काळे, त्यात भाजल्याचे लाल चट्टे. डबा बाजूला होता. उघडा.

त्यांनी आईकडे न बघताच सांगितलं. चढाच्या आधीच्या स्टेशनावर अचानक तपासनीस चढणार असल्याचा निरोप आला. त्याच्यासमोर डबा उघडता आला नसता, म्हणून त्यांनी राख तिथेच भट्टीत टाकली. चढापर्यंत थोडी तरी राहील असं वाटलं होतं. आणि लगेचच बॉयलरमध्ये पाणी जायचं बंद झालं. पाण्याविना आग ठेवली तर बॉयलर फुटतो, म्हणून सगळी आग ओढून खाली, रुळांमधल्या राखेच्या खड्ड्यात पाडावी लागली. आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते बाबांनी अक्षरशः केलं.

"मी खड्ड्यात उतरलो होतो, वहिनी," काका म्हणाले. "हातांनी चाचपलं. सगळं सारखंच होतं हो. मग स्टेशनातल्या लोकांनी पाइप लावून खड्डा धुऊन काढला."

मला ओरडायचं होतं, पण कुणावर तेच कळेना. आई त्यांच्या शेजारी बसली. रिकाम्या डब्याचं झाकण तिनं नीट दाबून लावलं.

"जन्मात पहिल्यांदा मी ह्यांच्यासाठी तिथे जाऊन उभी राहिले," ती म्हणाली, "आणि हे एक स्टेशन आधीच उतरले."

काका रडायला लागले. तेव्हा आईनंच त्यांच्या दंडाला धरलं. भाजलंय तुम्हाला, आधी गार पाण्यानं हात धुवा, असं म्हणत तिनं स्वतः उठून नळ सोडला. काका लहान मुलासारखे हात पुढे करून उभे राहिले. कोपरापासून काळं पाणी उतरलं आणि मोरीकडे वाहायला लागलं.

ते जवळजवळ नितळ झालं तेव्हा आई एकदम "थांबा" म्हणाली आणि तिनं नळ घट्ट पिळून बंद केला. काकांना काही कळलं नाही. मला कळलं. ह्याच हातांनी त्यांनी खड्डा चाचपला होता. मोरीच्या जाळीत एक थेंब लोंबत होता, तोही पडला.

थोड्या वेळानं आईनं पदरानं काकांचे हात पुसले, कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि मला गाडी काढायला सांगितलं.