गुंडूची पाळी

बागा आखण्यात माझी हयात गेली, पण एकच बाग आठवली की आधी हसू येतं आणि मागोमाग डोळे भरतात. माझ्या धाकट्या भावाच्या, गुंडूच्या कार्यशाळेची बाग. गुंडू चाळिशीचा, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. तिथे त्याला धरून त्याच्यासारखी सहा मोठी माणसं पुठ्ठ्याची खोकी बनवायची.

मी कंबरेइतक्या उंचीचे सहा वाफे बांधून घेतले, म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही हात पोचावा. दाराशी सहा खिळे ठोकले, प्रत्येकावर एकेकाच्या फोटोची पाटी. आपल्या वाफ्याला पाणी घालून झालं की आपली पाटी उलटी करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी परत सरळ. काय ती माझी हुशारी! वर पहिल्याच दिवशी मी मिरवत म्हणाले, "हा नळाजवळचा गुलाब माझा हं. माझा लाडका."

झालं! महिन्याभरात पाच वाफे कोरडे ठाक आणि माझा गुलाब मुळापासून सडलेला.

संचालकबाई म्हणाल्या, "यांना नाही जमत हो. सोमवारी वाफे काढून फरशी घालून टाकते." गुंडूने ते ऐकलं आणि झारी पोटाशी धरून नळाखाली जाऊन बसला. जेवणाचा डबा उघडेना, झारी सोडेना.

माझं डोकं फिरलं. "अरे शहाण्या, एकाच झाडाला सहा-सहा जण पाणी घालतात का रे?"

"ताईचा आहे ना," तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगितलं, ताईच्याला आधी."

मीच गाढव. तशीच बाईंकडे गेले आणि म्हणाले, "तीन महिने द्या. नाही जमलं तर फरशी मी स्वतः बसवते."

माणसं बदलायची नव्हती, झाडं बदलायची होती. एवढं कळायला मला एक गुलाब लागला. नळाजवळचा वाफा मोठा, खोलगट केला आणि त्यात कर्दळ लावली. तिला पाणी म्हणजे जीव की प्राण. बाकीच्यांत कोरफड आणि निवडुंग, विसरलं तरी राग न मानणारे. मग सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ही कर्दळ माझी. घाला किती घालायचं ते!"

कर्दळ डोक्याच्या वर गेली. पहिलं लाल फूल आलं तेव्हा बाईंनी फरशीवाल्याला नको म्हणून कळवलं. गुंडू दिवसभर येईल-जाईल त्याला हाताला धरून तिथे नेत होता. काय दिवस होते ते!

गुंडू गेला त्याला दोन वर्षं झाली. तिकडे पाऊल टाकायचा धीरच होत नव्हता. परवा गेले. खिळ्यांवर सहाही पाट्या होत्या. पाच उलट्या, एक सरळ. गुंडू त्यातून हसत होता.

चाकाच्या खुर्चीतली त्याची जुनी सोबतीण, जिला सगळे आक्का म्हणतात, ती माझ्याजवळ आली. मांडीवर भरलेली झारी.

"गुंडूची पाळी राहिलीय," ती म्हणाली. "रोज राहते. आम्ही कोणी घेत नाही. तू घाल."

मी कर्दळीला पाणी घातलं. सगळी झारी रिकामी केली. पाटीपाशी आले, पण ते हसणारं तोंड भिंतीकडे करायला हात धजेना.

"कर की उलटी," आक्का माझ्यावरच वैतागली. "उद्या सकाळी परत सरळ करायचीय."

मी पाटी उलटी केली.