टेकडीपलीकडच्या भावाचा हेवा

मित्रांनो, पोटात नुसते पाणी बाळगून बसलेले मी एक जुने पिंप आहे. तांबडी वाईन मुरवणे हा माझा कुलधर्म. ते पेय तुमच्यासाठी नव्हे. परंतु हेवा नावाचे जे आंबट पेय आहे, ते लहानथोर सगळेच चाखतात. म्हणून ही कथा तुम्हांस सांगतो.

एकाच ओक वृक्षाच्या फळ्यांपासून आम्ही दोघे जुळे भाऊ घडलो. कारागिराने आमच्या पोटात विस्तव पेटवला, त्या उबेने फळ्या वाकवल्या आणि लोखंडी कड्यांनी आम्हांस आवळले. खिळा नाही की डिंकाचा थेंब नाही. मग या वायनरीच्या तळघरात आम्ही शेजारी शेजारी आडवे झालो.

लाकूड श्वास घेते, म्हणून आतली वाईन हळूहळू उणी होते. तेव्हाचे मालक, ज्यांना सारे बाबा म्हणत, दर आठवड्याला बूच काढून आम्हांस काठोकाठ भरत आणि बोटाच्या पेराने ठोकून विचारत, "जेवलास ना पोटभर?" आरंभीची काही वर्षे आमच्या लाकडाचा वास वाईनीत उतरे. पुढे तो सरला. बाबा म्हणाले, "चला, यांची बडबड संपली. आता द्राक्षं बोलतील." आणि खरोखर, या वायनरीची कीर्ती त्यानंतरच दूरवर पसरली.

बाबा निवर्तले. वायनरी थोरल्या मुलाकडे आली. धाकट्या मुलीने टेकडीपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची चिमुकली वायनरी थाटली. भोवताली अशा नव्या वायनरी उगवू लागल्या, त्यांचे कौतुक होऊ लागले, आणि थोरल्यांच्या मनाने घेतले की आपणही नवे दिसले पाहिजे. त्यांनी नवी कोरी पिंपे आणली. काय त्यांची अंगकांती, काय तो सुगंध! तळघरात उतरणारा पाहुणा प्रथम त्यांच्याकडेच वळे. मी मनात म्हणे, नव्याचे नऊ दिवस. पण ते नऊ दिवस काही सरेनात.

आम्ही अडगळ ठरलो. माझ्या भावाला धाकटी हातगाडीवर घालून घेऊन गेली. मला रिते करून उभे केले, डोक्यावर कापड अंथरले आणि माझे मेज झाले. जो वाईन पोटात धरी, तो आता इतरांच्या वाईनीचे पेले डोक्यावर धरू लागला. भावाची कुंडी होऊन त्याच्या नशिबी फुलझाडांची माती आली असेल, या विचाराने मी कसाबसा धीर धरला.

परंतु एके दिवशी धाकटी आली, तिने जांभळी झालेली बोटे माझ्या पाठीवरून फिरवली आणि हळूच म्हणाली, "तुझा भाऊ भरलाय बरं का. काठोकाठ."

मित्रांनो, पोटात विस्तव पेटवला होता तेव्हाही मी इतका भाजलो नव्हतो.

जळणारा मी एकटाच नव्हतो. "धाकटीची वाईन थोरल्यापेक्षा सरस," असे लोक बोलू लागले होते, आणि ते थोरल्यांच्या जिव्हारी लागले होते. अखेरीस त्यांनी बहिणीला बाटली घेऊन बोलावले. त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, घरची आणि तिची अशा दोन्ही बाटल्या, कोणती कुणाची ते कळू नये म्हणून, फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्याच डोक्यावर दोन पेले भरले. पायरीवर सुतार करवत घेऊन बसला होता. मला मधोमध कापून फुलझाडांसाठी दोन कुंड्या करायच्या, असे ठरलेले होते.

"उरका लवकर," सुतार म्हणाला. "मला आणखी दोन घरी जायचंय."

मरण पायरीवर बसलेले असतानाही माझा मत्सर शमला नाही. भावाची वाईन हरावी, एवढेच मी इच्छीत होतो.

थोरल्यांनी पहिला पेला ओठांस लावला आणि तोंड वाकडे केले. "नुसतं लाकूड. कपाट चाटल्यासारखं वाटतंय. ही तुझी, चिमणे. उतावळेपणा लपत नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. "दुसरी घे."

दुसरा घोट त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. मग त्यांचा स्वर बदलला. "ही आपली. बाबांच्या हातची चव आहे ही."

वहिनींनी फडकी सोडली. "अहो, कपाट चाटलंत ते आपल्याच घरचं. बाबांची चव तिच्या बाटलीत आहे."

थोरले खाली बसले. "हे कसं जमवलंस?"

"दादा, तू टाकून दिलेल्या पिंपातली आहे ती. त्याला आता स्वतःचा वास उरला नाही, म्हणून द्राक्षांचा येतो. बाबा सांगायचे, तेव्हा तू पाहुण्यांत असायचास."

"ते पिंप मला परत दे."

"वा रे वा. एकदा हातगाडीवर घातलेलं परत मिळत नाही."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पेले कशावर ठेवलेत, ते तरी बघा."

थोरल्यांनी कापड ओढले. सुतार उठून म्हणाला, "म्हणजे मी करवत घरी नेऊ का?"

ज्याच्या पराभवाची मी कामना केली, त्याच्याच विजयाने मी वाचलो. पण पूर्ण वाचलो का, हे अद्याप ठरायचे आहे. रिकामेपणी माझ्या फळ्या सुकल्या, सांध्यांत फटी पडल्या. थोरले आता स्वतः माझ्यात पाणी ओततात. ते पाझरते, पुन्हा ओततात. लाकूड फुगले तर फटी मिटतील. आज सकाळी त्यांनी खाली तळहात धरून पाहिले. तो ओला झाला, पण कालच्याहून कमी. मग त्यांनी बोटाच्या पेराने मला ठोकले. विचारले मात्र काही नाही.

टेकडीपलीकडच्या भावाचा हेवा मला अजूनही वाटतो. त्याला वाईन आहे, मला पाणी. म्हणून मित्रांनो, एवढीच विनवणी करतो: जुने जपायचे असेल तर नुसते कोपऱ्यात ठेवू नका. त्याला काम द्या. आम्ही वापरून झिजलो नाही. रिते राहून फुटलो.