शकुची दुधाची सुट्टी

दत्ताराम गिरणीत एकटा चार माग सांभाळायचा. संपाला वर्ष उलटलं तरी माग बंदच होते. मुलुंडच्या चाळीत तो घरी बसून होता आणि घर चालत होतं ते बायकोच्या, सुलक्षणाच्या नोकरीवर. ती जवळच्याच औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. लेक शकु दीड महिन्यांची झाली आणि सुलक्षणाची बाळंतपणाची रजा संपली. सासू गावी, गुरं सोडून येणं तिला शक्य नव्हतं.

"मी बघतो हिला," दत्ताराम म्हणाला. "चार माग बघायचो, एवढीशी पोर काय!"

पहिल्याच दिवशी त्याची वाट लागली. शकु बाटली तोंडातच घेईना. वाटी-चमचा झाला, मांडीवर डोलवून झालं, भजनं म्हणून झाली. शेवटी रडून लाल झालेल्या पोरीला त्याने टॉवेलात गुंडाळलं आणि तडक कारखान्याचं गेट गाठलं.

वॉचमन अंबादास आडवा आला. "जेन्ट्स लोकांना आत सोडत नाही."

"मला नको सोडू रे. हिला सोड."

शकुने असा काही सूर लावला, की अंबादास स्वतःच पॅकिंगकडे पळाला. सुलक्षणाने त्याच्या केबिनमध्ये बसून लेकीला पाजलं. अंबादास आणि दत्ताराम बाहेर उन्हात पाठ करून उभे.

हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी पाहिलं. "रजा संपली ना, बाई? आता घरचं घरी."

सुलक्षणाला रात्रीपर्यंत रडत बसणं परवडणारं नव्हतं. कँटीनच्या भिंतीवर कामगार बायकांच्या कायद्याचा मराठी कागद काचेत लावलेला होता. तो कुणीच वाचत नसे. जेवणाच्या सुट्टीत तिने पदराने काच पुसली आणि वाचू लागली. शेजारी उभ्या असलेल्या, पॅकिंगमधल्याच प्रेमाला सातवा लागला होता. तिने तर फ्रेमच खिळ्यावरून उतरवली. दोघी थेट साहेबांसमोर.

"साहेब, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी. तुम्हीच लावलाय कागद," सुलक्षणा म्हणाली.

साहेबांनी चष्मा चढवून दोनदा वाचलं. "बरं. पण मूल बाईमाणसाने आणावं. पुरुष असा गेटवर बरा दिसत नाही."

"घरात बाई एकच आहे साहेब, आणि ती तुमच्याकडे कामाला आहे."

प्रेमा फिसकन हसली. साहेबांनी हसू दाबायला फाईल उघडली, पण संध्याकाळपर्यंत गेटजवळची रिकामी खोली झाडून तिथे बाक टाकला गेला.

सुरुवातीला दत्ताराम मागच्या गल्लीने जायचा. एकदा गिरणीतला जुना सोबती समोर आलाच. "काय रे, बाळंतीण झालास काय?"

"झालो," दत्ताराम म्हणाला. "तू एक दिवस होऊन बघ, संध्याकाळी उभा राहिलास तर सांग." तेव्हापासून तो मोठ्या रस्त्यानेच जाऊ लागला.

पाच महिन्यांनी प्रेमाचा नवरा काशीराम आपला मुलगा घेऊन गेटवर आला. रात्रपाळीचा माणूस, डोळे तांबारलेले. पोर दोन्ही हातांवर आडवं धरलेलं, जणू गरम पातेलंच.

"दत्ताराम, यार, हा पिऊन झाला की सगळं ओकतो. काय करू?"

दत्तारामने शकुला अंबादासकडे दिलं. मग काशीरामचा हात धरून पोराला त्याच्या खांद्यावर नीट टेकवलं. "अस्सं. आता पाठीवर हलके थाप. घाई नको."

काशीराम श्वास रोखून थापटत राहिला. पोराने झकास ढेकर दिला आणि खोलीतून बायकांचं हसू बाहेर आलं.