खुंटी कडेला ठेवायची

"काका, ही खुंटी नवी आहे का हो?"

मॅडम गुडघ्यांवर बसून खुंटीच्या बुडाशी बोटानं माती उकरत होत्या. महिन्यापूर्वी गवत संशोधन केंद्रावर बदलून आलेल्या. तरुण, सडपातळ, आणि प्रश्नांचं पोतं घेऊन फिरणाऱ्या.

"नवी कुठली! सत्तावीस वर्षांची आहे. माझ्याच हातची."

"मग हिच्या भोवतीची माती एवढी भुसभुशीत कशी? सत्तावीस वर्षांत घट्ट व्हायला हवी होती."

खुंटीकाकांनी हातातली टेप उगाच गुंडाळली, पुन्हा सोडली. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. दरवर्षी पाऊस संपला की या माळावर यायचं, गवताच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला असलेली खुंटी गाठायची, खुंटीपासून गवत किती लांब आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. सत्तावीस वर्षं उत्तर एकच आलं होतं: शून्य. घरी भिंतीवर चौकटीत कागद लावलेला होता, 'अचूक नोंदींबद्दल'.

माळाचा उतार इतका हलका, की सोडलेला चेंडूसुद्धा विचार करून घरंगळेल. त्या उतारावर गवताचा आडवा पट्टा, मग उघडी माती, पुन्हा गवत, पुन्हा उघडी माती. समोरच्या टेकडीवरून पाहिलं तर वाटावं, कुणीतरी जमिनीचे केस मोठ्या दातांच्या कंगव्यानं विंचरले आहेत.

मॅडमनी बाटलीतलं घोटभर पाणी उघड्या मातीवर ओतलं. ते जिरलं नाही. वाळून कडक झालेल्या पापुद्र्यावरून साप निघावा तसं सरसरत खाली गेलं आणि गवताच्या कडेला पोहोचताच गडप झालं.

"बघितलंत? उघडी माती स्वतः पीत नाही, खालच्या गवताला पाजते. वरच्या कडेला पहिला घोट मिळतो, खालच्या कडेला उरलंसुरलं. म्हणजे गवत वर वाढायला हवं आणि खालून मरायला हवं. पट्टा चढ चढायला हवा, काका. पण तुमची वही म्हणते, तसूभर हलला नाही."

"वही म्हणते खरं."

"आणि मोठे साहेब तीच वही पुढे करतायत. गवत हलत नाही, म्हणजे मधली माती मुळातच नापीक. नांगरून सुधारा, सगळीकडे पेरा. परवा सोमवारी नांगर येतोय. माती नांगरली की पाणी जागच्या जागी मुरणार. मग खालच्या गवतानं प्यायचं काय?"

खुंटीकाकांच्या कानात एक जुना आवाज बोलू लागला होता. पहिल्या वर्षी, पहिल्या साहेबांचा. जीपमध्ये एक पाय ठेवून त्यांनी घाईत सांगितलं होतं, "खुंटी कडेला ठेवायची, समजलं?"

समजलं होतं. कडेला ठेवायची. म्हणून दरवर्षी आल्यावर गवत खुंटीच्या पुढे गेलेलं दिसलं, की त्यांना वाटायचं, आपलीच खुंटी चुकली. ते ती उपटायचे, नव्या कडेला ठोकायचे आणि मग टेप लावायचे. शून्य!

एकदा ठेवून द्यायची, की कायम कडेला राहील असं बघायचं? 'ठेवायची' या एका शब्दात दोन्ही अर्थ गुण्यागोविंदानं नांदत होते, आणि त्यांनी नेमका चुकीच्याचा हात धरला होता.

संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे दरवर्षी तुम्ही खुंटी उचलून गवताच्या मागं मागं पळवलीत?"

"हं."

"आणि शून्य लिहिलंत! अहो, मग एवढ्या पेन्सिली कशाला झिजवल्या? एकदाच ठसठशीत शून्य काढून ठेवायचं ना!" ती हसली. मग त्यांचा चेहरा पाहून आवाज उतरवून म्हणाली, "चार महिने राहिलेत निवृत्तीला. कुणाला सांगायला जाऊ नका. आयुष्यभराचं नाव आहे."

"आणि गवत?"

तिनं दोन काड्या निवडल्या, तीन टाकल्या. तिला राहवेना.

"पण खरंच चालतं का हो ते?"

"चालत असणार. आता कळणार कसं? खुंटी तर दरवर्षी मीच उपटली."

"भोकं तशीच सोडलीत? जनावराचा पाय मुरगळला असता!"

"छे गं. आईची शिकवण. उपटल्या जागी काहीतरी ठेवावं, जागा रिती सोडू नये. एकेक पांढरा गोटा बसवायचो ठोकून."

बायकोनं परात खाली ठेवली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

रविवारी सकाळी तिघं माळावर होती. सत्तावीस वर्षांत बायको पहिल्यांदाच आली होती. खुंटीपासून सरळ उताराकडे खुंटीकाका वाकून गवत बाजूला सारत निघाले. वीतभर खाली एक गोटा. मातीनं मळलेला, पण पांढरा. त्याच्या खाली दुसरा.

"हा तिसरा!" बायको ओरडली. साडी खोचून ती पुढं झाली होती. "अहो, हा तर हातभर लांब आहे!"

"त्या वर्षी पाऊस बरा होता," काका म्हणाले.

"आणि हे दोन? अगदी चिकटलेत."

"कोरडं साल. आठवतं? विहिरीचा तळ दिसला होता."

मॅडम टेप धरून नुसत्या लिहीत सुटल्या होत्या. बायको गोट्यागोट्याला थांबून गुणगुणत होती. तिला ओव्या कुणी शिकवल्या नव्हत्या. त्या तिला येत, शिंक यावी तशा.

"गवत चढे माळ, पायी नाही वहाण,
मागे ठेवी वाट, पुढे नेई तहान."

विसाव्या गोट्याशी गवत संपलं. उरलेले गोटे उघड्या मातीत होते. शेवटचा, म्हणजे सगळ्यात पहिला, सर्वांत खाली. एके काळी तिथं गवताची वरची कड होती. आता आजूबाजूला वाळलेल्या मुळांचे करडे बुडखे होते, हात लावला की भुगा होणारे.

"आठ मीटर," मॅडम कुजबुजल्या. "काका, ही माती नापीक नाही. इथं गवत राहून गेलंय." मग जरा अडखळल्या. "अहवालात असं लिहू या का, की पूर्वीच्या नोंदींच्या पद्धतीत काही त्रुटी..."

"पेन द्या," खुंटीकाका म्हणाले.

वही मांडीवर घेऊन त्यांनी लिहिलं: 'मागील सर्व नोंदी चुकीच्या आहेत. खुंटी मी हलवली. गोटे मात्र जागेवर आहेत.' खाली पूर्ण नाव लिहिलं. बायकोनं ते वाचलं, आणि कपाळावरची माती पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

मॅडमनी वही त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबांपुढे ठेवली. सोमवारी नांगर आला आणि फाटकाबाहेरूनच परत गेला. भिंतीवरची चौकट खुंटीकाकांनी स्वतः उतरवली. तिच्या जागी भिंतीचा जुना, फिकट न झालेला रंग चौकोनी उरला.

पाऊस येऊन गेला. निवृत्तीला आठवडा असताना ते शेवटच्या मोजणीला निघाले, तेव्हा सवयीनं त्यांनी खिशात एक पांढरा गोटा टाकला.

गवत खुंटी ओलांडून गेलं होतं. कोवळं, पोपटी, पुढल्या उघड्या मातीत बोटं रोवून उभं. खुंटीकाका वाकले. हात आपसूक खुंटीच्या डोक्यावर गेला, मूठ वळली.

त्यांनी मूठ सोडली. खुंटी होती तिथंच होती. टेप लावून त्यांनी वहीत लिहिलं: एकतीस सेंटिमीटर. मग उभे राहिले आणि खिशातला गोटा चाचपत माळ उतरू लागले. तो ठेवायला आज कुठं जागा नव्हती.