हळदीची चिमटी

चीज कापलं आणि आतून ते पिवळंधमक निघालं.

करुणाच्या हातातली सुरी तशीच राहिली. न्हावरे गावातल्या त्या घरात बनलेलं हे पहिलंवहिलं चीज. वर लाल मेणाचा थर देऊन, रोज उलटंपालटं करून महिनाभर तिनं ते लेकरासारखं सांभाळलं होतं. आज पुण्याच्या एका हॉटेलातून सविताताई चव बघायला आल्या होत्या. त्यांनी पसंत केलं तर दर आठवड्याला माल जाणार होता. नाहीतर चार गाईंपैकी दोन विकायच्या आणि उरलेल्यांचं दूध पुन्हा डेअरीला घालायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

करुणाची सासू साखरबाई दाराबाहेर उंबऱ्याला टेकून बसली होती. गाईंच्या धारा तीच काढायची, पण चीजच्या खोलीत पाऊल टाकत नसे. दूध नासू नये म्हणून उभा जन्म चुलीपुढं डोळ्यांत तेल घालून बसलेली बाई. आणि सून दहा दिवसांच्या ट्रेनिंगला जाऊन शिकून काय आली, तर दूध मुद्दाम नासवायची विद्या! "नासवायचं तर नासवा बाई, पर माझ्या डोळ्यांदेखत नगं," असं सांगून तिनं उंबऱ्याबाहेरची जागा धरली ती धरलीच.

आता तो पिवळा रंग तिला बाहेरूनही दिसला.

"रंग घातलाय का?" सविताताईंनी विचारलं.

"न्हाई वो ताई, देवाशपथ! गीर गाईचं दूध जरा पिवळंच असतं..." करुणा म्हणाली.

"एवढं नसतं. मालात उणंअधिक झालं तर मी सांभाळून घेईन. खोटं नाही चालत मला." ताईंनी पर्स खांद्याला अडकवली.

करुणाचे डोळे भरून आले. साखरबाईनं कमरेची पिशवी चाचपली. दुधात कुणी काही घालायचं नाही, हा सुनेचा पहिला नियम. बोलावं तर आपण चोर, गप्प बसावं तर सून खोटी. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, पाय झटकले आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली.

"ताई, तिला काय बी ठावं न्हाई. हळद म्या टाकलीया."

"आत्या!" करुणा किंचाळलीच. "दुधात?"

"मग कुठं टाकू? नजर दुधालाच लागती का न्हाई? पैल्या दिशी समदं गाव बघाया आल्यालं. एकेकाचे डोळे असे बटाट्यावानी! म्हून चिमटी वाईच मोठी घेतली."

सविताताईंना हसू आवरेना. साखरबाई मात्र हसली नाही.

"हसू नगा, ताई. आमची मेंढरं हुती तवा भांडगावला एकाच्या शेतात रातच्याला मेंढरांचा वाडा बसवल्याला. त्या शेतवाल्याच्या घरी दूध धाडलं, आन् हळद टाकायची इसरले. दुधाची नजर मेंढरांस्नी लागली, आठ दिसांत चाळीस गेली. डाक्टर म्हनला, रोग हाय. आमचं मालक कवाच काय बोलले न्हाईत मला. पर हात माझाच चुकला हुता न्हवं?"

तिच्या मालकांना, रखमाजींना, जाऊन आठ वर्षं झाली होती. करुणानं ही गोष्ट आज पहिल्यांदा ऐकली.

सविताताईंनी पर्स खाली ठेवली. "नंतरच्या दिवसाचं दुसरं कापा," म्हणाल्या. दुसरं आतून लोण्याच्या रंगाचं निघालं. त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग आणखी एक. जाताना ऑर्डर पक्की केली. "पण आजी, उद्यापासून दुधात काही टाकायचं नाही बरं का."

"न्हाई टाकत," साखरबाई म्हणाली. "जबान दिली."

पिवळं चीज घरात उरलं. करुणानं आग्रह केला म्हणून साखरबाईनं नाक मुरडत कण जिभेवर ठेवला आणि मग गुपचूप मोठा तुकडा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा झाल्या. कॅन भरून उंबऱ्याशी आला, तशी साखरबाईची बोटं आपसूक कमरेच्या पिशवीत गेली आणि तिथंच थांबली. जबान दिली होती. पण दूध उघडं होतं आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती नुसती कॅनकडे बघत उभी राहिली.

टोपी घालून आत निघालेल्या करुणानं ते पाहिलं. तिनं कॅनमधून पळीभर दूध वाटीत काढलं आणि वाटी उंबऱ्यावर ठेवली.

"आत्या, ह्याच्यात टाका. समद्या दुधाची नजर हितंच उतरंल."

साखरबाईनं सुनेकडे पाहिलं. खाली बसून वाटीत हळदीची चिमटी सोडली. दूध पिवळं होईपर्यंत बघत राहिली. मग पुन्हा पिशवीत हात घालून तिनं आणखी एक चिमटी काढली.

"आन् ही वो कशाची?"

"मेंढरांची," साखरबाई म्हणाली. "तवाची ऱ्हायली हुती."